संस्थेचे दप्तर परक्या घरी ठेवावे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांनी आपल्या रोजमेळात लिहून ठेवली नसेल. त्या दिवशी बाजार नेहमीसारखा भरला आणि नेहमीसारखा उठला. मात्र त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने दोन गोष्टींवरून आपला हात काढून घेतला. एक, विंडोज १० ही कोट्यवधी संगणकांवर चालणारी प्रणाली. दुसरी, एक्सचेंज सर्व्हर २०१६ व २०१९ ही कार्यालयाची टपालव्यवस्था सांभाळणारी प्रणाली. सामायिक कागदपत्रांसाठी अनेक संस्था वापरीत आलेल्या शेअरपॉइंट सर्व्हर २०१६ आणि २०१९ यांची मुदत १४ जुलै २०२६ अशी ठरलेली आहे. हात काढून घेतला म्हणजे यंत्रे बंद पडली असे नव्हे. ती चालतातच. फक्त त्यांच्यात नवे भगदाड सापडले तर ते बुजवायला आता गवंडी येणार नाही. पैसे भरून काही काळाची मुदतवाढ मिळते, पण तीही संपणारीच.

हा विषय बड्या कंपन्यांचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आमचे मत वेगळे आहे. आपल्या व्यापारी संघटना, पतसंस्था, शिक्षण संस्था, मालाचे सामायिक भांडार चालविणारे कारागीर गट यांच्या कार्यालयात कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक काळा डबा घरघरत असतो. त्यावर धूळ असते, वर कॅलेंडर टांगलेले असते आणि बाजूला फुगलेल्या बॅटरीचा यूपीएस असतो. सभासदांची यादी, सभांचे इतिवृत्त, देणी-घेणी, सरकारी पत्रव्यवहार, दुकानांचे भाडेकरार, सारे त्या डब्यात. तो डबा कोणत्या साली घेतला हे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. यातील पुष्कळ ठिकाणी अजून विंडोज सर्व्हर २००८ चालू आहे, ज्याची साधारण मुदत १४ जानेवारी २०२० रोजीच संपली.

कोकणातील एका बाजारपेठेच्या गावातील व्यापारी संघटनेचे उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. कापड, लोखंडी सामान, पादत्राणे, सुकी मासळी अशा नाना धंद्यांतले लोक तिचे सभासद आहेत आणि त्यांच्यातील बऱ्याच जणांची मुले आखाती देशांत आहेत. २०१२ साली संघटनेने सर्व्हर घेतला. त्यावर संघटनेच्या नावाचे ईमेल, सामायिक फोल्डर आणि सभासदांच्या नोंदी असे सर्व चालू झाले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि सावित्री या नद्यांनी चिपळूण व महाड ही गावे बुडवली, तेव्हा या गावातही तळमजल्यावर पाणी शिरले. दोन पोरांनी रात्री कमरेएवढ्या पाण्यातून तो डबा डोक्यावर घेऊन माळ्यावर नेला. चिठ्ठ्या-चोपड्या भिजल्या, डबा वाचला. लोकांनी त्या पोरांचे कौतुक केले आणि पाणी ओसरल्यावर डबा पुन्हा त्याच टेबलाखाली आणून ठेवला.

अलीकडे त्यातील दोन हार्ड डिस्कपैकी एक गेली. दुसरीवर काम चालू राहिले म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. लक्षात आले ते एका सभासदाच्या जागेच्या वादात जुना करार लागला तेव्हा. फाइल उघडेना. बॅकअप कुठे आहे असे विचारता चिटणीस म्हणाले, आठवड्याला पेनड्राइव्हवर काढतो. तो पेनड्राइव्ह लावला तर शेवटची प्रत चौदा महिन्यांपूर्वीची निघाली. करार शेवटी कागदावर मिळाला, एका जुन्या ट्रंकेत. सर्वजण हसले आणि मग गप्प झाले.

त्यानंतरच्या सभेत हा कारभार क्लाउडवर न्यावा असा ठराव आला. त्या सभेला आम्हीही हजर होतो. खजिनदार हाजीसाहेब सत्तरीचे, व्यवहाराला चोख. ते म्हणाले, "बेटा, माझ्या वालिदांनी आपली चोपडी कधी सख्ख्या भावाच्या दुकानात ठेवली नाही. तुम्ही ती अमेरिकेच्या घरात ठेवायला निघालात."

हे वाक्य सभेत काहींना जुनाट वाटले. आम्हाला वाटले नाही. सूरह बकरामध्ये देण्या-घेण्याचे लिखाण करण्याविषयीची जी दीर्घ आयत आहे, तिचे सारे सांगणेच हे की व्यवहार लिहा, न्यायाने लिहा, साक्षीदार ठेवा, लहान रक्कम म्हणून कंटाळा करू नका. लिखाणाला इतके महत्त्व ज्या दीनने दिले त्याचे अनुयायी दप्तर कुठे ठेवायचे याचा विचार करताना घाबरले तर ती कुचेष्टेची बाब नाही. ज्या समाजाला कागदपत्रे दाखवा म्हणून वेळोवेळी रांगेत उभे राहावे लागते त्याने कागद सांभाळण्याची धास्ती बाळगली तर तिलाही कारण आहे. प्रश्न इतकाच की टेबलाखालचा डबा खरोखर आपल्या घरात आहे काय?

क्लाउड या शब्दाने पुष्कळ घोटाळा केला आहे. ढगात काही नसते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे मोठे गोदाम, ज्यात हजारो सर्व्हर रांगेने उभे असतात, दुहेरी वीज असते, थंड हवा असते आणि चोवीस तास पहारा असतो. त्यातील एक कोनाडा आपण भाड्याने घेतो. ही गोदामे केवळ अमेरिकेत आहेत असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गुगलने २०१७ साली मुंबईत अशी केंद्रे उघडली. चेन्नईच्या झोहोसारखी भारतीय कंपनीही हीच सेवा देते. हाजीसाहेबांची साठवणीची सुपारी वाशीच्या शीतगृहात असते आणि पैसा बँकेत असतो. परक्या जागी ठेवणे हा मुद्दा नाहीच. पावती काय मिळते आणि परत मागितल्यावर माल मिळतो की नाही, हा खरा मुद्दा आहे.

आता टेबलाखालच्या डब्याकडे पाहू. मार्च २०२१ मध्ये एक्सचेंज सर्व्हरमधील चार भगदाडे उघडकीस आली आणि जगभरातील हजारो कार्यालयांच्या टपालात चोर शिरले. ज्यांचे टपाल मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या क्लाउडवर होते त्यांना या हल्ल्याची झळ बसली नाही. ज्यांनी आपल्या कार्यालयात सर्व्हर ठेवला होता त्यांनाच ती बसली. जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंटच्या बाबतीत नेमके तेच घडले. घरचे सर्व्हर फुटले, क्लाउडवरचे नाही. याचे कारण गूढ नाही. क्लाउडवर भगदाड बुजविण्याचे काम कंपनीचे पगारी लोक त्या रात्रीच करतात. आपल्याकडे ते काम ज्या मुलाकडे असते तो दिवसा मोबाइलचे दुकान चालवतो.

ज्यांना हे दूरचे वाटते त्यांनी न्हावा-शेवा आठवावे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघाला आणि मर्स्क या जगातल्या मोठ्या जहाज कंपनीच्या संगणकांत घुसला. आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या गटाच्या टर्मिनलचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. आणि ते शक्य झाले कशामुळे? साऱ्या जाळ्याची किल्ली ज्या सर्व्हरांवर असते ते सर्व नष्ट झाले होते. एकच वाचला, घाना देशातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता. अब्जावधींच्या कंपनीला आफ्रिकेतील लोडशेडिंगने वाचवले. जाळ्यापासून तुटलेली एक प्रत ही काय चीज आहे हे यावरून समजावे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की आम्ही क्लाउडचे एजंट झालो. तसे नाही. हाजीसाहेबांच्या बाजूनेही पुरावा भक्कम आहे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी माहिती केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. तिथल्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जी-ड्राइव्ह नावाची सामायिक कोठी केली होती, कागदपत्रे आपल्या संगणकावर न ठेवता तिच्यातच ठेवावीत असे सांगितले होते. ती कोठी जळाली. ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती. इतके प्रगत राष्ट्र, पण चूक आपल्या चिटणिसांच्या पेनड्राइव्हसारखीच.

मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे गुगल क्लाउडवरील खाते एका चुकीच्या मांडणीमुळे पुसले गेले. सुमारे एक आठवडा सभासदांना आपले खाते पाहता येईना. निधी तरला, कारण त्यांनी आणखी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती.

तिसरे उदाहरण आपल्या देशातले आहे आणि आम्हाला ते सर्वांत अस्वस्थ करते. गुजरातमध्ये वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. रशियन भांडवलामुळे जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले होते, माहिती कंपनीची स्वतःची होती आणि भारताच्या कायद्याने कंपनीवर कोणताही प्रतिबंध नव्हता. तरी कर्मचाऱ्यांना आपले टपाल उघडता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. नायराजवळ वकील होते. आपल्या गावच्या संघटनेजवळ कोण आहे? परदेशातील एखादे यंत्र खात्यात काही संशयास्पद आहे असे ठरवून ते गोठवते आणि दाद मागायला खिडकीवर माणूस नसतो, हा अनुभव लहान व्यापाऱ्यांनाही येऊ लागला आहे.

या दोन्ही बाजू पाहून आमचे मत असे झाले आहे की जावे, परंतु भाडेकरू म्हणून जावे आणि घरची किल्ली देऊन जाऊ नये.

घरची किल्ली म्हणजे डोमेन. संस्थेच्या ईमेलमध्ये चिन्हापुढे जे नाव असते ते दरवर्षी शुल्क भरून नोंदवावे लागते. हे नाव कोणाच्या खात्यात नोंदलेले आहे हे आमच्या वाचकांनी आजच तपासावे. बहुतेक ठिकाणी ते संगणक पुरवठादाराच्या, किंवा पंधरा वर्षांपूर्वी वेबसाइट करून देणाऱ्या आणि आता दुबईला गेलेल्या मुलाच्या नावावर निघते. आम्ही सांगितलेल्या संघटनेत तसेच निघाले. जुना पुरवठादार भला निघाला, मागितल्यावर दिले. सगळेच देतात असे नाही. डोमेन आपल्या हाती असेल तर उद्या एका कंपनीशी बिनसले तरी टपालाचा पत्ता तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. ते हाती नसेल तर सर्व करार व्यर्थ आहेत.

तसेच खात्याच्या मालकीचे. पुष्कळ संस्थांचा क्लाउड म्हणजे चिटणिसांचे खासगी जीमेल. त्यात संस्थेच्या फाइली असतात, त्यांच्या नातवाचे फोटो असतात आणि पासवर्ड त्यांच्याच डोक्यात असतो. चिटणीस अल्लाहला प्यारे झाले की संस्थेचे दप्तरही गेले. अशा वेळी बेवा बाईच्या दारात जाऊन मोबाइल मागण्याची पाळी आम्ही पाहिली आहे आणि ती कोणावर येऊ नये. खाते संस्थेच्या नावाचे, व्यवस्थापक किमान दोन, दोघांच्या मोबाइलवर दुहेरी पडताळणी, आणि आणीबाणीचे संकेतांक छापून बंद लिफाफ्यात तिजोरीत. इतके तरी हवेच.

आता पैशाविषयी. नवा सर्व्हर घ्यायचा म्हणजे एकदम मोठी रक्कम. ती पुष्कळ वेळा बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या हप्त्याने भागवली जाते आणि त्या हप्त्यात व्याज असते. क्लाउडचे मासिक किंवा वार्षिक भाडे हे वापराचे भाडे होय. सुदापासून दूर राहू इच्छिणाऱ्या संस्थेला हा मार्ग अधिक मोकळा आहे असे आम्हाला वाटते. तथापि भाडेपट्ट्यात संदिग्धता नसावी हाही आपल्या व्यवहारशास्त्राचाच दंडक आहे. दर माणशी किती, दर केव्हा वाढतो, पैसे थकले तर किती दिवसांत माहिती पुसली जाते, सोडून जाताना सर्व माल बाहेर काढून देणार की नाही, हे वाचल्यावाचून "मान्य आहे" ही कळ दाबणे म्हणजे न पाहता गाठोडे विकत घेणे. फुकट या शब्दाला तर भुलूच नये. लहान संस्थांना अनेक वर्षे फुकट दिलेली आपली जुनी योजना गुगलने २०२२ साली धंद्यांसाठी बंद केली आणि पैसे भरा असे सांगितले, हे पुष्कळांना आठवत असेल.

याच ओघात एक कडू गोष्ट. आपल्या कार्यालयांतील जुन्या सर्व्हरवरचे विंडोज आणि ऑफिस बहुधा चोरीचे असते. दुकानात तोलून मापून देणारा माणूस इथे मात्र "सगळेच करतात" म्हणतो. चोरीच्या प्रतीला दुरुस्ती धडपणे मिळत नाही आणि विषाणू पुष्कळदा तिच्यातूनच येतो, हे झाले दुनियेचे नुकसान. दुसऱ्या नुकसानीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

प्रत्यक्ष स्थलांतराचे काम दुकान हलविण्यासारखे आहे. ज्याने दुकान हलवले आहे त्याला ठाऊक असते की माल उचलायला एक दिवस लागतो आणि काय उचलायचे हे ठरवायला एक महिना. संघटनेच्या सर्व्हरवर ४०० जीबी माल होता. उघडून पाहिले तर त्यातील निम्म्याहून अधिक लग्नाचे व्हिडिओ, त्याच त्या याद्यांच्या सात-सात प्रती आणि गेलेल्या कर्मचाऱ्यांचे फोल्डर. हे निवडणे संगणकवाल्याचे काम नाही, संस्थेच्या जाणत्या माणसाचे आहे. ४०० जीबी चढवायला २० एमबीपीएसची जोडणी अखंड चालली तरी सुमारे ४५ तास लागतात, आणि गावात ती अखंड चालत नाही. रात्री दुकाने बंद झाल्यावर चढवत गेले तर आठवडा सहज जातो. म्हणून आधी जुना माल रात्री-रात्री चढवावा, मग एक शुक्रवार ठरवून दुपारनंतर सर्वांना जुन्या जागी काम बंद करायला सांगावे, त्या अवधीत बदललेल्या तेवढ्याच फाइली हलवाव्यात आणि मग टपालाचा पत्ता नव्या घराकडे वळवावा. सारे एका रात्रीत उरकू म्हणणाऱ्या पुरवठादाराला दारातूनच परत पाठवावे.

प्रथम तीन-चार जणांचे टपाल हलवून दोन आठवडे चालवून पाहावे. संघटनेने तरुणांपासून सुरुवात करायचे ठरवले होते. आम्ही सुचवले की हाजीसाहेबांपासून करा. तरुण अडले तर वाट काढतात आणि सांगत नाहीत. हाजीसाहेब अडले तर सबंध बाजाराला कळते.

मराठी आणि उर्दूचा एक खास अडथळा आहे. त्याचा उल्लेख इंग्रजी पुस्तिकांत सापडत नाही. आपली जुनी इतिवृत्ते श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये आणि उर्दू कागद इनपेजमध्ये आहेत. क्लाउडवर नेल्यावर मोबाइलवर ती उघडली तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो आणि "ठराव" असा शब्द शोधला तर एकही ठराव सापडत नाही. महत्त्वाची कागदपत्रे जुन्या संगणकावरच पीडीएफ करून घ्यावीत आणि फाइलचे नाव युनिकोडमध्ये, वर्षासह, वाचता येईल असे द्यावे. जुना संगणक भंगारात गेल्यावर हे सुचले तर तो फॉन्ट शोधत फिरावे लागते. एक्सेलमधल्या ज्या याद्या एकमेकींतून आकडे ओढतात त्यांचे पत्तेही हलल्यावर तुटतात, तेही आधी तपासावे. आणि टॅलीचा चालू डेटा सामायिक क्लाउड फोल्डरमध्ये ठेवून दोन ठिकाणांहून एकाच वेळी काम करू नये, हिशेब बिघडतो. टॅली संगणकावर चालू द्यावी आणि तिचा बॅकअप तेवढा क्लाउडवर पाठवावा.

कोणी काय पाहावे हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. जुन्या सर्व्हरवर बहुधा सर्वांना सर्व उघडे असते आणि तसेच्या तसे ते क्लाउडवर गेले तर कार्यालयाच्या चार भिंतींचा आडोसाही उरत नाही. त्या संघटनेच्या मदतनिधीची यादी अशीच एका उघड्या फोल्डरात होती. कोणत्या घरी जकातीतून रेशन जाते, कोणाच्या मुलीच्या लग्नाला किती दिले, कोणाचे दुकान बसले. ज्या लोकांनी मान खाली घालून एका माणसाच्या कानात आपली अडचण सांगितली, त्यांची नावे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सर्वांना वाचता येत होती. इतकी वर्षे हे कोणाला खटकले नाही याची आम्हाला शरम वाटली. डाव्या हाताला कळू नये असे द्यावे ही शिकवण सर्वांना तोंडपाठ असते. ती यादी आता दोघांनाच उघडते आणि तिच्यावर स्वतंत्र पासवर्ड आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. तेव्हा ही गोष्ट हळूहळू कायद्याच्या कक्षेतही येत आहे.

कायद्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. जीएसटीखालील हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. जे बांधव प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करून धंदा करतात त्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांची प्रत भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवली पाहिजे, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. तेव्हा सेवा घेताना माल कोणत्या देशातल्या गोदामात राहील हे लेखी विचारून घ्यावे.

क्लाउडवर गेलो म्हणजे बॅकअपची चिंता मिटली, हा सर्वांत महागडा गैरसमज. कोणी चुकून किंवा रागाने फाइल पुसली तर गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते आणि शेअरपॉइंटमध्ये ९३ दिवस. पुढे ती गेली ती गेली. संघटनेने दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या आहेत. दर गुरुवारी एकीवर प्रत काढून ती काढून ठेवायची, पुढच्या गुरुवारी दुसरी. एक तिजोरीत असते, दुसरी हाजीसाहेबांच्या घरी वरच्या मजल्यावर. आणि दर तीन महिन्यांनी तीतील एखादी फाइल उघडून पाहायची, कारण न उघडलेला बॅकअप आणि तो चौदा महिन्यांपूर्वीचा पेनड्राइव्ह यांत फरक नाही.

हे सर्व ज्याने केले त्या मुलाच्या मजुरीवरून सभेत घासाघीस झाली. "दोन बटणे दाबली, त्याचे एवढे?" असे एक सभासद म्हणाले. कर्ज लिहून ठेवण्याच्या त्या आयतीतच लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये असे बजावले आहे, ही आठवण हाजीसाहेबांनीच त्यांना दिली. नऊ रात्री जागून त्याने ते काम केले होते. ठरलेली मजुरी पूर्ण दिली गेली आणि वर्षभराच्या देखभालीचा लेखी करारही झाला.

जुना सर्व्हर तीन महिने तसाच, फक्त वाचण्यापुरता, चालू ठेवला होता. त्या काळात सात वेळा त्याची गरज पडली, म्हणजे सात गोष्टी हलवायच्या राहून गेल्या होत्या. चौथ्या महिन्यात तो बंद केला. भंगारवाला न्यायला आला तेव्हा त्याने डब्याचे वजन केले आणि भाव सांगितला. हाजीसाहेबांनी आधी डबा उघडून दोन्ही डिस्क बाहेर काढायला लावल्या, शेजारच्या लोहाराकडून त्यांना आरपार भोके पाडून घेतली आणि मगच डबा तराजूवर चढवू दिला. वजन कमी भरले म्हणून भंगारवाल्याने वीस रुपये कापले.